भर समुद्रात येळवस

तीस वर्षं मी माणसं मोजली. लोक म्हणतात, "हे लातूरहून सहली काढायचे," आणि ते खरंच आहे. पण सहल काढणं म्हणजे निम्म्याहून जास्त काम मोजण्याचंच. बस हलायच्या आधी मोजायचं, चहाला थांबलो की मोजायचं, देवळात शिरताना आणि बाहेर पडताना मोजायचं. झोपेतसुद्धा मी "बेचाळीस, बेचाळीस" पुटपुटतो, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे.

या धंद्यात मी शिकलो ते सगळं चुकांतून. अगदी सुरुवातीला माहूरची एक दिवसाची सहल होती. रेणुकादेवीचं दर्शन झालं, बसमध्ये मोजले तर बेचाळीस भरले, निघालो. किनवट ओलांडल्यावर मागून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, ही आजी कोण?" बघतो तर खिडकीशी एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन गाढ झोपलेली. ती यवतमाळच्या गाडीतली होती. आमची आजी तिकडं पायऱ्यांवर बांगड्या बघत बसली होती. मोजणी बरोबर होती, आजी चुकीची होती. परत फिरलो, आज्यांची अदलाबदल केली, दोघींनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं आणि शिव्या तेवढ्या मला मिळाल्या. त्या दिवसापासून मी डोकी मोजत नाही, चेहरे मोजतो.

काशी, रामेश्वर, तिरुपती, म्हैसूर-उटी अशा सहली झाल्या. देगलूरचे एक गृहस्थ घरच्या विहिरीचं पाणी पाच कॅनमध्ये भरून काशीपर्यंत आणायचे आणि गंगेकाठी बसून तेच प्यायचे. उदगीरचे एक व्यापारी होते, ते हॉटेलात शिरल्यावर आधी न्हाणीघराचा नळ सोडून बघायचे, मगच सामान आत घ्यायचे. त्यांना हसू नये. ज्या लातूरनं पिण्याचं पाणी रेल्वेनं आलेलं बघितलं, त्या भागातला माणूस नळाकडं आधी बघणारच.

अशा लोकांना मी समुद्रावर न्यायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप बघायचं आणि परत यायचं. चार रात्री जहाजावर, त्यातला शेवटचा दिवस अख्खा पाण्यात, कुठंही न थांबता. नातवंडं लग्नाला आलेल्या वयाच्या माणसांना मी हे जहाज कसं विकलं, ते विचारू नका. "अकरा मजली आहे, लिफ्ट आहे, जेवण दिवसभर चालू असतं," एवढ्यावर सव्वीस नावं लागली. श्रावणात लागली आणि प्रवास होता जानेवारीत. चूक तिथंच झाली.

आमच्याकडं सहलीची तारीख ठरवायची एक रीत आहे. अमावास्येला निघायचं नाही आणि अमावास्येला घरी पोचायचं नाही. मी पंचांगवाल्या गुरुजींना फोन करून दोन तारखा विचारल्या. निघायचा दिवस चांगला होता, पोचायचा दिवस अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येत होता. मी खूश झालो. पोचायच्या आदल्या दिवशी अमावास्या आहे, म्हणजे ती कुठली अमावास्या आहे, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नाही. येळवस डिसेंबरात येते असं डोक्यात बसलेलं, आणि त्या वर्षी अधिक महिन्यानं ती जानेवारीत ढकलली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वेळ अमावास्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर जिल्हा घरात नसतो, शेतात असतो. बाजार बंद, रस्ते ओस. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. सगळ्या भाज्यांची आणि ओल्या दाण्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील. ती आंबील घरची बाई बिंदग्यातून, म्हणजे डोक्यावरच्या लहान घागरीतून, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं म्हणत उभ्या पिकावर शिंपडते. मग जेवणं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. इतका मोठा सण मी विसरलो याचं एक कारण आहे आणि ते सांगायला जीभ अडखळते. डिसेंबर-जानेवारी हा माझा दक्षिणेच्या सहलींचा हंगाम. तीस वर्षांत मी येळवशीला एकदाही घरी नव्हतो. बायकोनं सगळ्या एकटीनं केल्या.

नवी कॅलेंडरं आली आणि माझा फोन बंद करून ठेवायची वेळ आली. पाच जण गळाले. बाकीच्यांचे पैसे अडकलेले, म्हणून ते शिव्या देत तयार राहिले. एक दिवस औशाजवळच्या एका गावच्या शांताकाकू कॅलेंडरची गुंडाळी करून हातात घेऊनच माझ्या दुकानात आल्या. वय सत्तर, उंची पाच फुटाला कमी, आवाज मात्र दोन शेतं पलीकडं जाणारा. मागं त्यांचे यजमान, बसवंतअप्पा.

"हे काय करून ठिवलाव भाऊ?" काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यापून माझी एक येळवस चुकली न्हाई. बाळंतीण होते तवाबी शेतात गेलते."

"काकू, माझी चूक झाली. तुमचं नाव कमी करतो, जेवढं परत मिळवता येईल तेवढं मिळवतो."

अप्पा तोवर भिंतीवरच्या जहाजाच्या फोटोपुढं उभे होते. ते वळले नाहीत. "नाव कमी करू नका," म्हणाले. "मला समुद्र बघायचाय. लई वर्सं झाली म्हनायलो."

काकूंनी नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "हे एकटे जाणार न्हाईत आन् गेले तर परत येणार न्हाईत, तिकडंच बघत बसतील. मी येते. पण येळवस झाली पायजे. जहाजावर करा न्हाईतर आभाळात करा. शब्द द्या."

मी शब्द दिला. धंद्यात असे शब्द देऊन मोकळं व्हायचं असतं, नंतर धावपळ करायची असते.

"आणि शेतातली?" मी विचारलं. "घरी सूनबाई आहेत ना?"

"मनीषा हाय की. पण ती धर्माबादची. तिच्या माहेरी कुठं येळवस करतेत. अकरा वर्सं झाली, अजून आंबिलीचं बिंदगं तिच्या डोक्यावर दिलं न्हाई मी. ती पाणी भरती, भज्जीला दाणे सोलती. करील काय की कशी."

काकूंची खरी काळजी जहाजावरच्या येळवशीची नव्हती, शेतातल्या येळवशीची होती, हे मला तेव्हाच समजलं.

जहाजावरचे पहिले तीन दिवस मजेत गेले. जहाजावर चढल्यावर आधी सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालून कवायत करायला लावतात. आमची माणसं ती जाकिटं घालून एकमेकांचे फोटो काढत बसली आणि काढायलाच तयार होईनात. नळ सोडून बघणारे ते उदगीरचे व्यापारीही होतेच, त्यांनी खोलीतला नळ, मग बाहेरचा समुद्र, असं दोन्ही बघून सामान आत घेतलं. बसवंतअप्पा सकाळी नाश्ता करून कठड्याशी उभे राहायचे ते जेवायला बोलवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, ह्याचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?" मी म्हटलं, सरकारच्या असेल. ते म्हणाले, "एवढं पडीक कसं काय ठिवलं."

माझा जीव मात्र चौथ्या दिवसावर. जहाजाचे नियम मी रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीवर विचारत होतो. बाहेरचं अन्न चालत नाही. खोलीत शिजवता येत नाही. काडेपेटी, उदबत्ती, निरांजन काहीच चालत नाही. प्रवाशानं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. समुद्रात अन्नाचा कणही टाकायचा नाही. खिडकीवरची मुलगी गोड हसून "सॉरी सर" म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या हॉलच्या सुपरवायझरला गाठलं आणि आमचा सण काय असतो ते तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत सुटलो. कोप, पांडव, भज्जी, आंबील. तो कंटाळला होता. म्हणाला, "आमच्याकडं किचनमध्ये एक बीदरकडचा माणूस आहे, त्याला काही कळलं तर बघा."

पाच मिनिटांनी पांढरी टोपी घातलेला, पोट सुटलेला एक माणूस बाहेर आला. शरणप्पा. गाव भालकीच्या बाजूचं, म्हणजे उदगीरहून हाकेच्या अंतरावर.

"उद्या एळ्ळमाशी हाय की वो," तो म्हणाला. "आमच्याकडंबी शेताला जातेत. मी सात वर्सं जहाजावरच हाय."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. त्यानं वरिष्ठांना काय सांगितलं मला माहीत नाही. उद्याच्या जेवणात "एक प्रादेशिक पदार्थ" म्हणून भज्जी आणि आंबील होईल, एवढं त्यानं मिळवलं. ज्वारीचं पीठ आत होतंच, कर्मचाऱ्यांसाठी भाकऱ्या व्हायच्या.

शेवटच्या दिवशी सकाळी आठला आमची मोहीम सुरू झाली. काकूंना आत जाता येईना, शरणप्पाला भांडं सोडून बाहेर येता येईना. मग मी त्रेसष्टाव्या वर्षी पळापळी करायची असं ठरलं. शरणप्पा वाटीत चव पाठवायचा, काकू हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या, त्या "निवदाआधी चाखायचं नसतंय" म्हणत चाटून निकाल द्यायच्या, तो निकाल मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यायचा.

"दाणे कशाचे हायत?"

"वाटाणे, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे. तुरीचे ओले दाणे नाहीत म्हणतो."

"समुद्रात तुरी कुठल्या. चिंच वाढवा म्हनावं. हुळी कम्मी."

काकूंचं माहेर सीमेवरच्या कासारशिरसीकडचं, त्यामुळं कानडी त्यांच्या तोंडात होतीच. मी दारातूनच ओरडलो, "शरणप्पा, हुळी कम्मी!" आतून हसण्याचा आवाज आला आणि चिंचेचा कोळ टाकल्याचा चर्र आवाजही आला. तिसऱ्या वाटीला काकूंनी मान डोलावली. आंबिलीला चार वाट्या लागल्या. पाचव्यांदा मी दाराशी गेलो तेव्हा शरणप्पानं मला स्टूल दिलं आणि पाणी पाजलं. इतका आनंद मला धंद्यात क्वचित झाला असेल. माझ्या गुडघ्यांना तो झाला नाही.

वर डेकवर बाकीची मंडळी कोप उभी करत होती. कडबा कुठून आणणार? पोहण्याच्या तलावाशेजारच्या दोन लांब खुर्च्या एकमेकींना टेकवल्या, त्यांच्यावर जहाजाचे निळे टॉवेल टाकले, वर काकूंची नवी शाल. पांडव म्हणून पाच बटाटे. उदगीरकरांनी त्यांना टूथपेस्टचे पांढरे पट्टे ओढले आणि मागं सरून बघितलं. अप्पांनी भीमासाठी जरा मोठा बटाटा मागून आणला. डेकच्या सुपरवायझरला हे सगळं बघून काय वाटलं कुणास ठाऊक, पण तो म्हणाला, "बारा ते साडेबारा. साडेबाराला इथं पाण्यातले खेळ आहेत. सांडायचं नाही, कठड्यापलीकडं काही टाकायचं नाही."

बारा वाजता आंबिलीचं स्टीलचं भांडं वर आलं. सगळे जमले. मी जहाजाचं वायफाय घेऊन ठेवलं होतं. काकूंनी आधी शेत बघायचं, मग इथली पूजा, असं ठरलं होतं. फोन लागला. पडद्यावर औशाकडचं ऊन, ज्वारी, मागं तीसेक पाहुणे आणि पुढं मनीषा, डोक्यावर पदर, हातात बिंदगं.

"आत्या, कवापून वाट बघून राहिले," ती म्हणाली. "सगळे खोळंबलेत. तुमी सांगितल्याबिगर मी शिंपडणार न्हाई म्हनलं."

"आंबील आंबट झाली का?"

"चाखली न्हाई, निवदाची हाय. वास तर आलाय."

"बरं. आधी कोपीला पाणी फिरीव. मग उगवतीकडून सुरू कर. उजवीकडून जा, डाव्या हाताला—"

चित्र थांबलं. मनीषाचा एक पाय उचललेला, तोंड अर्धवट उघडं. काकू बोलतच राहिल्या. "डाव्या हाताला बांध ठिवायचा. आन् ओलगे म्हनताना थांबायचं न्हाई. ऐकू येतंय का?" मग पडदा काळा झाला.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. फिरतं चाक नुसतं फिरत राहिलं. डेकवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, सगळ्या जहाजाचंच गेलंय, कधी येईल सांगता येत नाही.

काकू खुर्चीवर बसल्या. "आता ती कुणाला इचारील? सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघायलंय. तिकडं झालं का न्हाई कळाल्याबिगर मी हिकडं हात लावणार न्हाई."

मला फार वाईट वाटलं. नुसतं दोन मिनिटं पंचांग नीट बघितलं असतं, तर ही बाई या क्षणी आपल्या शेतात बिंदगं घेऊन उभी असती. तिकडं सून सासूसाठी थांबलेली, इकडं सासू सुनेसाठी, आणि मध्ये मी हातात बंद पडलेला फोन घेऊन. बारा वाजून दहा मिनिटं झाली. आंबील उन्हात तापत होती. सुपरवायझर लांबून घड्याळ दाखवत होता. एकोणीस माणसं भोवती उभी, कुणी काकूंना काही म्हणायला धजेना.

अप्पा कठड्याशी होते. ते आले आणि काकूंच्या शेजारी बसले.

"ती अकरा वर्सं बघायलीय," अप्पा म्हणाले. "तू माझ्या आईचं किती वर्सं बघितलंस?"

काकू पदराचं टोक गुंडाळत राहिल्या.

"एकच," अप्पाच म्हणाले. "दुसऱ्या साली आई हातरुणाला. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई," काकू म्हणाल्या. "तुमच्या चुलत्या बांधावर उभ्या राहून हसायलत्या माझ्यावर."

"मंग?"

काकूंनी पदर खोचला आणि उठल्या. बारा वीस झाले होते. बटाट्यांना हळदीकुंकू वाहिलं, निवद दाखवला. शिंपडायला पीक नव्हतं आणि सांडायला बंदी होती. काकूंनी एक क्षण इकडंतिकडं बघितलं, मग भांडं कडेवर घेतलं, हातात डाव घेतला आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" असा आवाज टाकला. समोर जो येईल त्याच्या ओंजळीत आंबिलीचा घोट. आधी आम्ही. मग तलावातून निथळत आलेला एक सुरतेचा नवरा-बायकोचा जोडा, त्यांनीही ओंजळ पुढं केली. मग पोहायच्या कपड्यातली चार दिल्लीची पोरं. काकूंनी क्षणभर आभाळाकडं बघितलं आणि त्यांनाही वाढलं. आमचे लोक मागून ओरडत निघाले, पोरंही ओरडायला लागली, त्यांचे उच्चार ऐकून उदगीरकर खाली बसून हसले. शेवटी काकू सुपरवायझरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं घड्याळ खिशात घातलं आणि ओंजळ केली. शरणप्पा टोपी काढून जिन्यात उभा होता, त्याला काकूंनी दोनदा वाढलं. सांडली असेल तर चार थेंब, ते अप्पांनी पंच्यानं पुसले.

साडेबाराचे खेळ एक वाजता सुरू झाले.

दुपारी माझी नेहमीची कामं होती. जहाजावर शेवटच्या दिवशी प्रत्येक बॅगेला रंगीत चिठ्ठी लावायची आणि संध्याकाळी ती दाराबाहेर ठेवायची असते, म्हणून मी खोल्याखोल्यांतून सांगत हिंडत होतो की उद्या सकाळचे कपडे बॅगेत घालू नका. साडेचारच्या सुमाराला खिशातला फोन थरथरला. वायफाय आलं होतं. मनीषानं व्हिडिओ पाठवला होता.

मी पळतच काकूंच्या खोलीत गेलो. अप्पा तिथं नव्हते, कठड्याशी असणार. काकूंनी चष्मा लावला. पडद्यावर मनीषा काळ्या फोनकडं बघत उभी होती, कुणीतरी म्हातारी मागून "आता काय करती गं" म्हणाली. मनीषानं फोन कुणाच्या तरी हातात दिला, बिंदगं डोक्यावर घेतलं, आणि निघाली. खणखणीत आवाजात ओरडत निघाली. मागून पोरं, पाहुणे. ज्वारीच्या पानांवर आंबिलीचे पांढरे शिंतोडे पडत गेले.

काकूंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"मावळतीकडून सुरू केली," त्या म्हणाल्या. "उलटी गेली सगळी."

मी फोन तसाच त्यांच्यापुढं धरून ठेवला.

"आवाज चांगला हाय," त्या म्हणाल्या. "माझा एवढा न्हवता पैल्या साली."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून हाक आली.

"भाऊ, पुढच्या साली कुणीकडं न्यायलाव?"

"काकू, मी आता थांबावं म्हणतोय. ही शेवटचीच."

"असं कसं थांबताव," शांताकाकू म्हणाल्या. "गाव तुमच्या मनाचं धरा. तारीख मात्र येळवशीचीच धरा."